चंद्रपुरात उणे चाळीस

पोकलेन चालू असलं की बघ्यांची गर्दी जमते, हे आता साऱ्या देशाला माहीत आहे. २०१९च्या मे महिन्यात तर ‘जेसीबी की खुदाई’ एवढ्या तीन शब्दांवर लोक पोट धरधरून हसले. पण ज्यांचं पोट या यंत्रांवर चालतं त्यांना एक जास्तीची गोष्ट ठाऊक असते. पोकलेन बंद पडलं की गर्दी दुप्पट होते. चालत्या मशीनकडे नुसतं बघता येतं. बंद मशीनबद्दल मत देता येतं, आणि फुकट मत द्यायला मिळत असताना गप्प बसलेला माणूस मला अजून कुठल्याही खाणीवर भेटलेला नाही.

पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने ही यंत्रं भारतात बनवली, आणि तेव्हापासून मशीन टाटा हिताचीचं असो, कोमात्सूचं असो, ह्युंदाईचं असो की सॅनीचं, आपल्याकडे ते पोकलेनच. मी ही मशीनं दुरुस्त करत हिंडतो. लोक मला ‘सर्व्हिसवाले साहेब’ म्हणतात. बिल हातात पडल्यावर ‘साहेब’ गळतं.

सगळ्यात जास्त मतं कशावर पडतात म्हणाल, तर मशीन गरम होण्यावर. हायड्रॉलिकचा होज फुटला तर तेल उडतं, सगळ्यांना दिसतं, वाद घालायला काही उरत नाही. चेन उतरली तर आंधळ्यालाही कळतं. पण मॉनिटरवर तापमानाचा लाल दिवा लागला आणि बझर बोंबलायला लागला, की जमलेल्या प्रत्येकातला डॉक्टर जागा होतो. कारण प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी कोणीतरी तापाने फणफणलेलं असतं. तापावर बोलायचा हक्क आपल्याकडे जन्मसिद्ध आहे.

ज्याच्यावरून हे सगळं रामायण घडतं, तो कूलंटचा सेन्सर प्रत्यक्षात पाहिलात तर हसाल. वीस टनांचं धूड, आणि त्यात हा अंगठ्याएवढा पितळी तुकडा. मागच्या बाजूला दोन पिनांचा कनेक्टर, पुढचं टोक थर्मोस्टॅटच्या घराजवळ कूलंटमध्ये बुडालेलं. त्या टोकात एक बारीक मणी असतो, त्याला थर्मिस्टर म्हणतात. याचा स्वभाव उलटा. तापलं की विजेला होणारा त्याचा विरोध कमी होतो, गार झालं की वाढतो. बऱ्याच सेन्सरांत २० अंशांना हा विरोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ८० अंशांना सव्वातीनशेच्या जवळपास येतो आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली उतरतो. कंपनीगणिक आकडे बदलतात, स्वभाव बदलत नाही.

हा उलटेपणा मायकेल फॅरेडेला १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला होता. तापमान आणि उलटेपणा यांचं तसं जुनंच गोत्र असावं. अँडर्स सेल्सिअसने १७४२मध्ये आपली मोजपट्टी मांडली तीसुद्धा उलटी होती. पाणी उकळतं तिथे शून्य, गोठतं तिथे शंभर. १७४४मध्ये तो वारला, मग इतरांनी पट्टी सरळ करून घेतली. थर्मिस्टरला मात्र कोणी सरळ केलं नाही, आणि साइटवरची निम्मी भांडणं त्यातून निघतात.

होतं असं. इंजिनाचा कंट्रोलर, म्हणजे ज्याला साइटवर ‘ईसीएम’ किंवा ‘कंप्युटर’ म्हणतात आणि नवा घ्यायची वेळ आली की छापता येणार नाही असं काही म्हणतात, तो आपल्या पोटातल्या एका ठराविक रेझिस्टरमधून पाच व्होल्ट सेन्सरच्या वायरवर सोडतो आणि त्या वायरवर किती व्होल्ट उरले ते बघत बसतो. इंजिन गार असेल तर उरलेले व्होल्ट जास्त, गरम असेल तर कमी. आता समजा वायर तुटली. पाचच्या पाच व्होल्ट शिल्लक. कंट्रोलरच्या हिशेबाने इंजिन गारठून मेलेलं. आणि वायर सोलून इंजिनाच्या अंगाला चिकटली तर? व्होल्ट शून्य, म्हणजे इंजिन भट्टीत. दोन्ही वेळा इंजिनाला काहीएक झालेलं नसतं.

यातला पहिला प्रकार मी चंद्रपूरकडच्या एका साइटवर असा काही पाहिला, की अजून आठवला तर अंग शहारतं. मे महिना. बाहेर ४६ अंश. केबिनचा एसी बंद, ऑपरेटरने डोक्याला ओला गमछा गुंडाळलेला, तोही केबिनमध्ये चढून बसेपर्यंत वाळलेला. लोखंडी पायरीला हात लावला तर कातडी तिथेच राहील अशी अवस्था. आणि मॉनिटर शांतपणे सांगत होता: कूलंट, उणे ४० अंश.

याला कारण आहे. ही यंत्रं ज्या भाषेत आपसांत बोलतात तिला जे-१९३९ म्हणतात, आणि त्या भाषेत कूलंटचं तापमान एका बाइटमध्ये बसवलेलं असतं. खालचं टोक उणे ४०, वरचं २१०. उणे ४०च्या खाली सांगायची सोयच नाही. त्यामुळे वायर तुटली की काही मॉनिटर थेट तळाला जाऊन बसतात. सियाचीनला शोभेल असं तापमान चंद्रपूरच्या मे महिन्यात अवतरतं, ते असं.

ऑपरेटर विचारी माणूस होता. त्याने गमछा सारखा केला आणि विचारलं, “सायेब, हे सेल्सिअस आहे का फॅरनहाइट?”

“कोणतंही घ्या,” मी म्हटलं. “उणे चाळीसला दोन्ही एकच होतात.”

हे खरं आहे. सबंध मोजपट्टीवर तेवढी एकच जागा अशी आहे. पण तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिला त्यावरून त्याला वाटलं असावं, की ऊन मलाही लागलंय.

“त इंजिन थंडं आहे का गरम?”

“इंजिन ठीक आहे.”

“मंग मशीन जोर काऊन नाही करत?”

प्रश्न बरोबर होता. कंट्रोलर तितका भोळा नसतो. इतके व्होल्ट खऱ्या इंजिनात येऊ शकत नाहीत हे त्याला शिकवलेलं असतं. तो कोड नोंदवतो, सेन्सरचं ऐकणं सोडून देतो, स्वतःच्या मनाने एक तापमान धरतो, फॅन त्याच्या ताब्यात असेल तर पूर्ण वेगाने सोडतो आणि वर बऱ्याच मशीनमध्ये इंजिनाची ताकदही कापतो. म्हणजे अंगठ्याएवढ्या तुकड्याची वायर सुटली म्हणून वीस टनांचं मशीन बकेट भरताना धापा टाकतं. ऑपरेटरला वाटतं डिझेलमध्ये भेसळ आहे. डिझेल देणाऱ्याला वाटतं ऑपरेटर डिझेल विकतोय. दोघांचं तीन दिवस बोलणं बंद होतं. आणि वायर तिथेच लोंबत असते.

त्या चंद्रपूरच्या मशीनच्या मालकाने माझ्या आधी दोन सेन्सर बदलले होते. दोन्ही जुने सेन्सर डॅशवर ओळीने मांडून ठेवलेले. “आता हा तिसरा आणलाय,” म्हणून त्यांनी नवं खोकं पुढे केलं. मी खोकं न उघडता खिशात टाकलं, कनेक्टर काढला आणि त्याच्या हार्नेसकडच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याकडच्या, दोन भोकांत वायरचा एक तुकडा आडवा घातला. बस. ही एवढीच तपासणी. वायर शाबूत असेल तर कंट्रोलरला ती आता शॉर्ट दिसायला हवी आणि ‘व्होल्ट जास्त’ हा कोड जाऊन ‘व्होल्ट कमी’ हा यायला हवा. तसं झालं तर वायरही चांगली, कंट्रोलरही चांगला, खोट सेन्सरमध्ये. तसं झालं नाही, कोड ढिम्म हलला नाही, तर दहा सेन्सर बदलले तरी उपयोग शून्य.

कोड हलला नाही. मग बोटांनी हार्नेस चाचपत मागे मागे गेलो. एका क्लॅम्पचा बोल्ट कधीतरी कोणीतरी काढला होता आणि परत बसवला नव्हता. मोकळं झालेलं हार्नेस ब्रॅकेटच्या धारेवर घासत राहिलं, आणि आतली एक तार मधोमध तुटली. सोल्डरिंग केलं, स्लीव्ह चढवली, क्लॅम्पला बोल्ट लावला. मॉनिटरवर तापमान आलं: ८३. मालकांचा चेहरा पडला. “म्हणजे ते दोन सेन्सर चांगले होते?” ते म्हणाले. तिसराही मी खिशातून काढून परत दिला, तेव्हा तर त्यांना मीच दोषी वाटायला लागलो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. सेन्सर हा या धंद्यातला कायमचा संन्यासी आहे. बिचारा एका जागी बुडून बसलेला असतो, आणि कोडमध्ये त्याचं नाव आलं की दंड त्यालाच.

आता कोडबद्दल. जे-१९३९मध्ये कूलंटच्या तापमानाचा क्रमांक ११०. या ११०च्या मागे आणखी एक आकडा असतो, आणि खरी गंमत त्या आकड्यात असते. मागे ३ असेल तर व्होल्ट नको तितके जास्त, ४ असेल तर नको तितके कमी. आणि मागे ० असेल तर व्होल्ट बरोबर, वायर बरोबर, सेन्सर बरोबर. तापलंय ते इंजिनच. कमिन्सवाले आपले स्वतःचे आकडेही देतात: १४४, १४५ आणि १५१. पहिले दोन वायर-सेन्सरचे, तिसरा खऱ्या तापाचा. म्हणजे कंट्रोलर बिचारा स्वच्छ सांगत असतो की मला दिसत नाहीये, किंवा मला दिसतंय आणि दृश्य वाईट आहे. पण फोनवर मला काय कळवतात? “साहेब, एकशेदहा आलाय.” पुढचा आकडा? “पुढे काहीतरी होतं.” त्या ‘काहीतरी’वर माझ्या गाडीचं किती डिझेल जळलंय, ते मला विचारू नका.

कधी मॉनिटरचा फोटो येतो. फोटोत ऑपरेटरचा अंगठा, केबिनमधला गणपती, गणपतीच्या पायाशी ठेवलेली तंबाखूची पुडी, हे सगळं स्वच्छ दिसतं. कोडवर नेमका उन्हाचा कवडसा.

पुण्याच्या आसपासच्या खडीच्या खाणींवर तज्ज्ञांची टोळी जास्त भरगच्च असते, कारण तिथे दहा मिनिटांच्या अंतरावर प्रत्येक कामाचा माणूस मिळतो. एकदा असंच लाल दिवा लागलेलं मशीन बघायला गेलो, तर मी पोचायच्या आधीच सभा भरली होती.

वायरमन म्हणाला, “अर्थिंग वीक आहे.” वायरमनला सगळीकडे अर्थिंगच वीक दिसते. त्याच्या घरचा फ्रिज, समोरचं पोकलेन, सरकार, सगळ्यांचीच.

रेडिएटरवाला म्हणाला, “काढून द्या, रॉडिंग करून देतो.” त्याने अजून मशीनकडे पाहिलंही नव्हतं. तो गाडीतूनच बोलत होता.

शेजारच्या खाणीचे तात्या म्हणाले, “वॉटर बॉडी गेली असणार. माझ्या मशीनची गेली होती.” आपलं जे गेलं तेच दुसऱ्याचं जावं, यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता.

मेस्त्री म्हणाला, “थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्याकडच्या हवेला लागतोच कशाला तो?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एखाद्या दिवशी ऐकू आलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होईल. म्हणून जरा थांबून सांगतो. थर्मोस्टॅट हवेसाठी नसतोच, इंजिनासाठी असतो. इंजिन ऐंशीच्या घरात लवकर यावं आणि तिथे राहावं, हे त्याचं काम. शिवाय बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास सताड उघडा राहतो, काही कूलंट रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात शिरतं, आणि थंड राहावं म्हणून केलेल्या उपायाने मशीन जास्त तापतं. मेस्त्रीला हे सांगितलं की तो म्हणतो, “पण मी वीस वर्षं काढतोय.” वीस वर्षं काढलेले थर्मोस्टॅट कुठे गेले आणि ती इंजिनं कुठे गेली, याचा हिशेब त्याने ठेवलेला नसतो.

हेल्पर काहीच बोलला नाही. तो पंधरा-सोळा फूट लांब सावलीत बसून होता. शेवटी मी त्यालाच विचारलं, “काय रे, काल काय केलं होतंस मशीनला?”

“धुतलं,” तो म्हणाला.

“कशाने?”

“प्रेशरनं. इंजिन पण मारलं आतून. शेठ म्हणले, चकाचक कर, बँकेचा माणूस फोटो काढायला येणारे.”

कनेक्टर उघडला तर आतून पाण्याचा थेंब खाली पडला, आणि पिनांवर हिरवा गंज. हवा मारली, पिना साफ केल्या, कनेक्टरचं फाटलेलं रबर सील बदललं. कोड गेला. सभा विसर्जित झाली. जाताजाता वायरमन म्हणाला, “म्हणजे अर्थिंगच.” मी मान डोलावली.

पाणी हा त्यातल्या त्यात सभ्य गुन्हेगार. बाकीचे फार. उंदरांना इंजिनाची ऊब आणि वायरचं प्लास्टिक दोन्ही आवडतं. वेल्डर बकेटचे दात जोडायला येतो आणि बॅटरी न काढता वेल्डिंग मारतो, तेव्हा तो करंट घरी जायची वाट कुठून काढेल हे त्यालाही सांगता येत नाही. जुन्या मशीनमध्ये एकाच वायरचा सेन्सर असतो, तो आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो. गळू नये म्हणून कोणी त्याला भरभरून टेफ्लॉन टेप गुंडाळली की गळती थांबते आणि काटाही थांबतो.

कोड चार, म्हणजे ‘गरम’ टोकाचा असेल, तर वायरच्या तुकड्याची जरूरच नाही. कनेक्टर नुसता काढायचा. कोड तीनवर गेला तर वायर ठीक, सेन्सर आतून शॉर्ट. चारवरच राहिला तर वायर कुठेतरी सोलून चिकटलीय. हे मी इतक्या जणांना शिकवलंय, आणि सगळे इतकं मन लावून ऐकतात, आणि नंतर इतक्या निष्ठेने पुन्हा सेन्सरच आणतात, की शिक्षणक्षेत्रातल्या लोकांबद्दल मला सहानुभूती वाटू लागली आहे.

सेन्सरवरच संशय असेल तर त्याची परीक्षा चहाच्या टपरीवर होते. सेन्सर काढायचा, मल्टिमीटरच्या दोन वायरी पिनांना लावायच्या, टोक उकळत्या पाण्यात धरायचं. ओहम सरसर उतरत दोनशेच्या खाली आले तर सेन्सर निर्दोष. आकडा अडला, मध्येच उडी मारली, तर दोषी. न्यायदान पाच मिनिटांत. पण त्याआधी टपरीवरच्या मावशींची परवानगी काढावी लागते.

“मावशी, जरा पाणी उकळून द्या.”

“किती चहा?”

“चहा नको. नुसतं पाणी.”

“नुसतं पाणी उकळून काय करणार?”

मी सेन्सर दाखवला. त्यांनी आधी सेन्सरकडे पाहिलं, मग आपल्या चकचकीत पातेल्याकडे, मग माझ्या हातांकडे. “माझ्या पातेल्यात नाही हां हे घालायचं,” असं म्हणून त्यांनी टपरीच्या मागून एक गंजका पत्र्याचा डबा काढून दिला. शंभर टक्के योग्य निर्णय. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि पोटात गेलं की जीव घेतं. साइटवरच्या एकूण तज्ज्ञांत सुरक्षेचे नियम पाळणारं माणूस मला तेवढं एकच भेटलं.

खर्च न करता करायची आणखी एक तपासणी आहे, तिच्यासाठी फक्त लवकर उठावं लागतं, म्हणून ती कोणी करत नाही. रात्रभर उभ्या मशीनची सकाळी चावी फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. कूलंट, आत येणारी हवा, हायड्रॉलिक तेल, या सगळ्यांचं तापमान रात्रभरात सारखंच व्हायला हवं. मॉनिटरवर तेल २४, हवा २५ आणि कूलंट ६१ असं दिसलं, तर तिघांपैकी कोण खोटं बोलतंय हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

दुपारी पोचलात तर लेझरवाला थर्मामीटर आहेच. बाहेरून थर्मोस्टॅटच्या घरावर रोखायचा आणि मॉनिटरच्या आकड्याशी ताडून बघायचं. फक्त चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर तो कमी आकडा सांगतो. काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखावा. असं टेप लावताना पाहून एका शेठने मला विचारलं होतं, “टेपने गरम व्हायचं थांबतं का?” आणि माझं उत्तर यायच्या आत हेल्परला टेपची दोन बंडलं आणायला पिटाळलं.

हसण्याची हद्द मात्र पुढच्या प्रकारात संपते. कुणीतरी अतिहुशार माणूस शोध लावतो, की कंट्रोलर शेवटी ओहमच मोजतो ना? मग सेन्सर काढा बाजूला, कनेक्टरमध्ये तीनएकशे ओहमचा रेझिस्टर खोचा, वरून एम-सील मारा. झालं. बझर गेला, लाल दिवा गेला, ताकद परत आली. मॉनिटर कायम सांगतो, तापमान ८०च्या वर थोडंसं. पहाटे ८२, भर दुपारी ८२, रेडिएटर फुटला तरी ८२. अशी स्थितप्रज्ञ मशीनं मी पाहिली आहेत. साताऱ्याकडे एका तलावाच्या गाळाच्या कामावर असंच एक होतं. पाऊस यायच्या आत गाळ उपसायचा म्हणून मशीन रात्रंदिवस चालू, डंपरची रांग लागलेली, शेतकरी ट्रॉल्या घेऊन ताटकळलेले. मशीनचं भाडं तासावर, त्यामुळे थांबायचं नाव कोणी काढेना. रेडिएटरच्या जाळ्यात धूळ आणि वाळलेलं गवत यांचा थर बसला होता, आणि कूलंटच्या जागी विहिरीचं क्षाराचं पाणी. इंजिन तापत होतं, उकळत होतं, ते सांगायला ज्याची नेमणूक होती त्याला टूलबॉक्समध्ये चिंधीत गुंडाळून ठेवलेलं. मॉनिटर म्हणत होता ८२. हेड वाकलं, गॅस्केट उडालं, दोन बोअर ओरखडले. इंजिन उतरवावं लागलं. पहिला पाऊस पडला तेव्हा मशीन तलावाच्या काठावर, इंजिनाविना उभं.

त्या इंजिनाचा मूळ कोड काय होता, हे मी नंतर जुनी नोंद काढून बघितलं. ११०, मागे ०. म्हणजे वायर बरोबर, सेन्सर बरोबर. सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होता. आतून बाहेर हवा मारून जाळी साफ करायला अर्धा तास लागला असता. रेझिस्टर बसवायला, एम-सील वाळण्यासकट, तेवढाच लागला असेल.

आणखी एक खोड सांगून ठेवतो, कारण ती माहीत नसल्याने भलेभले फसतात. कूलंट फार कमी झालं, तर सेन्सरचं टोक पाण्याबाहेर उघडं पडतं. मग तो वाफेचं नाहीतर हवेचं तापमान सांगतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. मशीन उकळतंय आणि काटा उतरतोय. अशा वेळी ऑपरेटर काट्याकडे बघून म्हणतो, “बघा, आपोआप थंड झालं.” म्हणून आधी पाणी बघायचं, मग कोड, मग कनेक्टर, मग वायर, आणि सगळ्यात शेवटी सेन्सर. साइटवर हा क्रम नेमका शेवटाकडून सुरू होतो.

तुमचं किंवा तुमच्या पाहुण्यांचं पोकलेन कुठे चालत असेल, तर माझं एवढं ऐका. फोन करताना ११०च्या मागचा आकडा वाचून सांगा. केबिनमध्ये एक साधा मल्टिमीटर ठेवा, गणपतीशेजारी जागा असते. गरम रेडिएटरचं झाकण कोणी कितीही घाई केली तरी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, दाब सुटला की ते जागच्या जागी उकळून तोंडावर येतं. आणि कनेक्टरमध्ये एम-सीलखाली रेझिस्टर सापडला, तर तो कोणी बसवला हे विचारत बसू नका. कोणीच कबूल होत नाही. तो काढा, फेका, आणि टूलबॉक्समधली चिंधी सोडून सेन्सर जागेवर लावा.